माझ्या वाट्याच्या ओळी

मी, श्रीमती मंजिरी निरंजन खानझोडे, वय अडुसष्ट, रेल्वेच्या चौकशी खिडकीवरून सेवानिवृत्त, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, आणि चहा सोडून कोणतीही नशा मी केलेली नाही. बुद्धीचा दाखला डॉक्टरांकडून आणून सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे, हेही सांगितलं. दाखला लगेच मिळाला.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुढेमागे दुसरं केलं, तर हे रद्द समजावं. मला काही झालेलंही नाही. साखर थोडी वर आहे आणि गुडघे थोडे खाली आहेत, एवढंच. मग आत्ताच हे काहून काढलं, असं माझा मुलगा सुशील फोनवर विचारतो. त्याचं कारण असं की पिम वारला.

पिम आमच्या नात्यातला नव्हे. पिम अँड मार्लो ही इंग्लंडमधली गाणाऱ्यांची जोडी. दोघंच जण. बुटका पिम कीबोर्ड वाजवत गायचा, उंच मार्लो कोटाच्या खिशात हात घालून नुसता गायचा. एक ओळ याची, पुढची त्याची, असं त्यांचं प्रत्येक गाणं. मी ऐन उमेदीत होते तेव्हा त्यांचं नाव जगभर होतं आणि रायपुरात ते माहीत असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. मागच्या हिवाळ्यात पिम गेला. त्यानंतरच्या कार्यक्रमात मार्लोने आपल्या ओळी म्हटल्या आणि पिमच्या ओळी आल्या की तो गप्प उभा राहिला. त्या ओळी सगळ्या सभागृहाने म्हटल्या. माझ्या नातीने, अनुश्रीने, तो व्हिडिओ मला फोनवर दाखवला. माझा पदर डोळ्यांकडे गेला तेव्हा ती म्हणाली, "आजी, आप रो रही हो? आप तो उनको जानती भी नहीं थीं."

चांगली जानती थी, बेटा. पण मी रडले ती पिमसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. उद्या मी गेले तर माझ्या ओळी म्हणायला सभागृह कुठून आणायचं? आणि माझ्या जोडीने गाणाऱ्या शांताच्या ओळींचं काय? ती तर जिवंत असून गप्प आहे. म्हणून मी इंद्रजीत वकिलांना बोलावलं आणि कागद पुढे ओढला.

कलम पहिले : घर. चौबे कॉलोनीतलं हे घर माझे पती कै. निरंजन यांनी सिंचन खात्याच्या नोकरीत असताना बांधलं आणि नंतर माझ्या नावावर केलं. ते मी माझा मुलगा सुशील याला देते. निरंजन यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून ते चुकीच्या जागी टाळ्या वाजवत. एवढा जीव लावणारा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही. सुशील हैदराबादला राहतो आणि "आई, बेच देते हैं" हे वाक्य त्याच्या तोंडात नेहमी तयार असतं. त्याने घर खुशाल विकावं, फक्त एक अट आहे. समोरच्या बैठकीत दर गुरुवारी पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका गायला जमतात. शांता जोवर आहे, तोवर ही बैठक बंद करायची नाही. ती येते, चिवडा आणते, सगळ्यांच्या पाठीमागे बसते आणि तोंड उघडत नाही. तरी ती येते, म्हणून अट आहे.

कलम दुसरे : बँकेतले पैसे. ते किती आहेत हे बँकेला ठाऊक आहे आणि सुशीलला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते सगळे अनुश्रीच्या शिक्षणासाठी. तिने ते संगीतावर उडवले तरी कोणी तिला बोलायचं नाही.

कलम तिसरे : भांडी. गोल बाज़ारातून वेळोवेळी घेतलेली सर्व पितळी आणि स्टीलची भांडी सूनबाई मीरा हिला. मीराचं आणि माझं स्वयंपाकघरात कधीच पटलं नाही. ती भाजीत साखर घालते. पण भांडी ती घासूनपुसून लखलखीत ठेवते आणि मी ठेवत नाही, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नसतं. इथे करायला हरकत नाही, कारण तेव्हा मी ऐकायला नसेन.

कलम चौथे : कै. गुलाबराव यांनी केलेला माइकचा स्टँड. याबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल.

शांता गुलाबराव गजभिये आणि मी रेल्वेच्या चौकशी कक्षात वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसलो. तेव्हा स्टेशनवर आजच्यासारखा मशीनचा आवाज नव्हता, आमचा होता. कोणती गाडी कुठे येते, किती उशिरा येते, हे आधी शांता हिंदीतून सांगायची आणि लगेच मी इंग्रजीतून. तिचा आवाज खणखणीत. तिने "असुविधा के लिए खेद है" म्हटलं की लोकांना खरंच वाटायचं, हिला खेद आहे. एक दिवस मी गोल बाज़ारात कुकरचं रबर घ्यायला गेले होते आणि शेजारच्या दुकानात पिम-मार्लोची कॅसेट लागलेली होती. मी रबर विसरले आणि कॅसेट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शांताला ऐकवली. इंग्रजी तिला तेव्हा फारसं कळत नसे. तिने मान वाकडी करून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाली, "एक जण बोलून राहिला, अन् दुसरा तेच दुसऱ्या लोकायले समजावून राहिला. हे तं आपलंच काम हाय वं!"

तिथून आमची जोडी सुरू झाली. मी कॅसिओ वाजवायची आणि गायची, शांता नुसती गायची, पिम-मार्लोसारखीच. पहिल्या कार्यक्रमाला माइकचा स्टँड मिळेना, तेव्हा गुलाबराव भाऊजींनी सिलतऱ्याच्या कारखान्यातून भंगारातले पाइप रीतसर विकत आणून आमच्यासाठी एक स्टँड वेल्ड केला. तो इतका जड झाला की उचलायला दोन माणसं लागत आणि एकदा ठेवला की कार्यक्रम संपेपर्यंत कोणी हलवण्याच्या भानगडीत पडत नसे. भाऊजी तो आपल्या मोटारसायकलला बांधून सगळ्या रायपूरभर घेऊन फिरले. कार्यक्रमात ते बाजूला उभे राहून आवाज वरखाली करायचे आणि शांताची ओळ आली की हळूच थोडा वाढवायचे. मला ते कळायचं. मी काही बोलले नाही, कारण निरंजन यांना तशी सोय असती तर त्यांनी माझा वाढवला असता.

तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले आणि त्या दिवसापासून शांता गायली नाही. "गळा गेला" म्हणते. गळा कुठेही गेलेला नाही. माझ्या स्वयंपाकघरात ती चहा करते तेव्हा मी कान देऊन ऐकते. पातेल्यातलं दूध वर येईपर्यंत ती गुणगुणते आणि मी दारात आले की थांबते.

तर हा स्टँड सध्या माझ्या बैठकीत आहे, तो मी शांताला देते. तिची मुलगी दीपमाला म्हणेल, एवढं धूड कुठे ठेवायचं. कुठेही ठेवावं, पण त्यावर ओले टॉवेल वाळत घालू नयेत.

कलम पाचवे : श्री. यशवंतराव यांच्यासाठी. आमच्या मराठी मंडळाचे माजी सचिव श्री. यशवंतराव हे माझ्याहून वयाने मोठे असले तरी मला मागे टाकून शंभरी गाठतील अशी माझी खात्री आहे. त्यांच्याशी माझा जुना हिशेब आहे आणि तो चुकता केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

शांताला मी पहिल्यांदा मंडळात नेलं तेव्हा यशवंतरावांनी तिचं नाव विचारलं. ते ऐकून म्हणाले, "गजभिये म्हणजे कोणत्या?" मी म्हटलं, "वरच्या पट्टीतल्या." त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही, पण गणपतीत आमचा कार्यक्रम ठेवताना दरवर्षी काहीतरी खुसपट काढलं. मंडळाच्या व्यासपीठावर फक्त मराठी गाणी होतील, असा त्यांचा नियम, आणि गाण्याचे शब्द आधी लिहून दाखवायचे. आम्ही पिम-मार्लोच्या चालींवर आमचे शब्द बसवले. माझ्या ओळी मी केल्या, शांताच्या तिने केल्या, आणि ते कागदावर उतरवायचंच नाही असं तिने ठरवलं. सचिवांना ती सरळ म्हणाली, "बाप्पा, बायकायचे गाणे कुठं लिहेल असतेत का?" यशवंतरावांना ते पटलं. नव्हे, फारच पटलं.

इंग्रजी गाण्यात एक माणूस बंदरावर रात्रभर कुणाची तरी वाट पाहतो आणि ती येत नाही. आम्ही दोघी रेल्वेतल्या, आम्हाला ते कसं चालणार? आमच्याकडे गाडी उशिरा येते, पण येते. म्हणून मी विचारायची, "सांग ना बाप्पा, गाडी कुठं थांबली?" आणि शांता अलीकडच्या स्टेशनाचं नाव घेऊन उत्तर द्यायची, "भाटापाऱ्याले चहा प्यायले उतरली!" मग दोघी मिळून, "येईल येईल, हळूहळू येईल, थांब ना बाई जराशी." आमच्या बोलीत बाप्पा हा नुसता उद्गार, पण बाप्पाचं नाव आल्यामुळे यशवंतरावांनी त्याला भक्तिगीतात धरलं.

पुढे एका लग्नात नवरदेवाला उशीर झाला आणि हळदीला बसलेल्या बायकांनी ते "येईल येईल" सुरू केलं. दुसऱ्या लग्नात पुन्हा म्हटलं. आज रायपुरातल्या मराठी घरांत ते म्हटल्याशिवाय हळद उतरत नाही, आणि भिलाई-दुर्गपर्यंत पोहोचलं आहे. बायका आपापल्या मुलींना शिकवतात. त्यांना वाटतं, विदर्भातून आपल्या पणज्या हे गाणं घेऊन आल्या. मंडळाच्या वर्धापनदिनी त्याला "पारंपरिक वऱ्हाडी हळदीगीत" म्हणून पहिलं बक्षीस मिळालं, आणि जुना ठेवा जपल्याबद्दल शाल-श्रीफळ कोणाला दिलं? यशवंतरावांना. त्यांनी माइकवर डोळे मिटून सांगितलं, "हे गाणं माझी आजी जात्यावर म्हणायची." शांता आणि मी तिसऱ्या रांगेत होतो. भाऊजी तेव्हा होते. शांताने तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि भाऊजी पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर गेले ते आलेच नाहीत.

तेव्हा पिम अँड मार्लो यांची मूळ कॅसेट मी श्री. यशवंतराव यांना देते, आणि ती वाजवायला माझा टेपरेकॉर्डरही. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं त्यांनी शांतपणे ऐकावं. आजीची आठवण येईल. शाल परत करायची गरज नाही, थंडीत लागेल.

कलम सहावे : गाणी. इथे वकील इंद्रजीत यांचं आणि माझं वाजलं. हा मराठी घरातला मुलगा, पण माझ्याशी हिंदीतच बोलतो. म्हणाला, "काकू, धुन आपकी है नहीं. वो अंग्रेज़ों की है. जो अपना नहीं, वो विल में कैसे देंगे?"

त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे. चाली पिम-मार्लोच्या आहेत आणि त्यांच्याच राहोत. मला त्यांचे आभार मानायचे होते. आता पिमचे राहून गेले. त्या दोघांना रायपूर कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नाही. त्यांच्या दुःखी गाण्यावर इकडे नवऱ्या लाजतात आणि करवल्या नाचतात, हे कळलं असतं तर पिम हसला असता, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटतं. माणूस वारसा म्हणून काय ठेवतो आणि लोक त्यातलं काय उचलतात, याचा मेळ नसतो. त्यांनी उदासी पाठवली, आम्ही तिला हळद लावली.

पण शब्द आमचे आहेत. ते कुठेही लिहिलेले नाहीत. आमचा पहिल्यापासून एक करार होता. तिच्या ओळी मी पाठ करायच्या नाहीत आणि माझ्या तिने करायच्या नाहीत. शांता म्हणायची, "दोघींच्याही ओळी दोघींले आल्या तं दोघी काहून लागते मंग? एकटीच जाऊन गाईन ना." त्यामुळे आज स्थिती अशी आहे. "येईल येईल" सगळ्या गावाला येतं. बाकी सगळी गाणी अर्धी माझ्या डोक्यात आणि अर्धी शांताच्या. मी अनुश्रीला माझी अर्धी शिकवली. पोरगी हुशार आहे, तिने गायली आणि मग म्हणाली, "आजी, ये तो सब सवाल ही सवाल हैं. जवाब कहाँ हैं?"

जवाब शांताजवळ आहेत. मी मागितले. गुरुवारी मागितले, सणाला मागितले, तिच्या घरी जाऊन मागितले. ती म्हणते, "ज्याच्यासाठी गात होती तो गेला." मला याचा राग येतो. भाऊजींसाठी ती गायची हे मला मान्य आहे, पण माझ्यासोबतही गायची ना? मी काय स्टँडसारखी नुसती उभी होते? हे मी तिला तोंडावर बोलू शकले नाही म्हणून इथे लिहिते. मला तिच्याशिवाय गाता येत नाही. प्रश्न विचारते आणि पुढे नुसती शांतता येते, ती मला सोसवत नाही.

म्हणून मी असं ठरवलं आहे. माझ्या वाट्याच्या सर्व ओळी मी शांता गुलाबराव गजभिये हिच्या नावे करते. माझ्या आवाजात त्या फोनमध्ये भरून अनुश्रीजवळ दिल्या आहेत. माझ्यानंतर अनुश्रीने त्या शांताला ऐकवाव्यात. करार तेव्हा आपोआप संपेल, दोघींच्या ओळी एकीजवळ होतील, आणि निदान एकटीने का होईना, ती गाईल. अनुश्रीला आणि पाऱ्यातल्या पोरींना शिकवेल. माझ्या मरणाने एवढं काम झालं, तर ते सत्कारणी लागलं असं मी समजेन.

कलम सातवे, ऐन वेळी वाढवलेले. वरचं सगळं लिहून झालं होतं. आज सकाळी सह्या व्हायच्या होत्या. साक्षीदार म्हणून शेजारचे शिशिर भैया वेळेवर आले. दुसरे साक्षीदार शामराव यांना नेमकं आजच दुर्गला साखरपुड्याला जावं लागलं. आम्ही त्यांची वाट पाहत बसलो असताना शांता चिवड्याचा डबा परत न्यायला आली. टेबलावर कागद पसरलेले होते. मी ते झाकायच्या आत तिने चष्मा लावला.

तिने सहावं कलम उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्ची ओढली.

"काहून वं मंजिरी, मले न विचारता तुया ओळी माया गळ्यात बांधून राहिली का?"

"तू गात नाहीस म्हणून."

"मंग तू मेल्यावर गाईन, असं वाटलं तुले? एकाच्या मागं गाणं सुटलं, अन् आता दुसरीच्या मागं धरू? कोनतं डोकं हाय हे? डॉक्टरनं पास केलं का या डोक्याले?"

मी दाखला दाखवला. तिने तो बाजूला सारला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज स्टेशनवरच्यासारखा खणखणीत होता. गळा गेला म्हणणाऱ्या बाईचा तो आवाज शिशिर भैयांनीही ऐकला आहे. मग ती वकिलाकडे वळली. "साक्षीदार कमी हाय ना तुमच्याजोळ? मी करतो सही."

इंद्रजीत घाबरला. "नहीं काकू, आप नहीं. जिसको विल में कुछ मिल रहा है, उसको गवाह नहीं बनाते. आपने साइन किया तो आपका वाला कलम कमज़ोर हो जाएगा. कल को कोई भी उस पर उंगली उठा देगा."

"हव? म्हंजे मी सही केली तं हिच्या ओळी मले नाही भेटत?"

"पक्का नहीं रहेगा, काकू."

"मंग आन पेन," शांता म्हणाली. "तुया ओळी तूच म्हन मंजिरी, जित्तेपणी. मले नाही पायजे."

मी तिला कलम सहाबद्दल पुन्हा समजावून पाहिलं. ती ऐकून घेईना. म्हणाली, "बोलू नको. गा. आधी तूच असते ना?" सकाळचे साडेदहा, वकील समोर, शिशिर भैया चहा घेत बसलेले, आणि ही म्हणते गा. मी पहिली ओळ म्हटली. माझा आवाज लटपटला, हे नमूद करते. ओळ संपली.  शांताने पेन घेतलं आणि साक्षीच्या जागेवर खाली मान घालून लिहायला लागली. हे कलम मी तिच्या समोर बसून लिहिते आहे. ती काय लिहिते ते मला दिसू देत नाही, डाव्या हाताने झाकून घेतलं आहे.

कलम सहावे मी खोडत नाही. ते टिकेल की नाही, हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही.

येथवर लिहिलेलं सर्व मी वाचून पाहिलं, ते माझंच आहे आणि मला मान्य आहे.

ठिकाण : चौबे कॉलोनी, रायपूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) मंजिरी निरंजन खानझोडे

साक्षीदार पहिले : श्रीमती खानझोडे यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि गात होत्या.
(सही) शिशिर वामनराव बोकडे, शेजारी

साक्षीदार दुसऱ्या : मंजिरीने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. तिच्या ओळी मी घेत नाही, त्या तिच्याजवळच राहतील आणि तिनेच म्हणायच्या. तिची ओळ म्हणून झाली आहे आणि सही करून ती माझ्याकडे पाहत बसली आहे. आता हे पेन खाली ठेवते आणि माझी म्हणते.
(सही) शांता गुलाबराव गजभिये